डब्लिनचा मुक्काम

"इथनं दवाखान्याला बस कुठली?" कोंडीरामांनी लॅपटॉपच्या पडद्यावर बोट टेकवून विचारलं.

बोटाखाली डब्लिन शहराचा नकाशा होता. प्रज्ञाने नकाशा मोठा केला आणि सांगितलं की इथून थेट बस नाही, नदी ओलांडून दुसरी पकडावी लागते. मग हे हॉटेल नको, असं कोंडीराम म्हणाले. कोपरगाव डेपोत एकतीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस. जिथे गाडी बदलावी लागते, ती जागा त्यांच्या लेखी सोयीची नव्हतीच. सकाळपासून त्यांनी अशी पाच हॉटेलं मोडीत काढली होती.

त्यांची मुलगी प्रज्ञा राहात्याहून सासरचा लॅपटॉप घेऊन आली होती. तिचा धाकटा भाऊ नितीन डब्लिनला एका गोदामात नोकरीला होता. दहा दिवसांपूर्वी सायकलवरून कामावर निघाला आणि एका ट्रकने त्याला उडवलं. तेव्हापासून तो तिथल्या दवाखान्यात होता. आईबापांचे पासपोर्ट श्रीलंकेच्या धम्मसहलीसाठी काढलेले होते. ती सहल राहूनच गेली. व्हिसा तातडीने मिळाला, शुक्रवारचं विमान ठरलं. राहिलं होतं फक्त उतरायचं कुठे, एवढंच.

तिच्या आईला, भामाबाईंना, मुळात हॉटेल हा प्रकारच पटत नव्हता. त्यांनी बॅगेत चटई, दोन चादरी आणि स्टीलचा डबा भरून ठेवला होता. कोंडीरामांचं आतड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या नगरच्या दवाखान्यात अकरा दिवस खाटेखाली झोपल्या होत्या. पेशंटपाशी आपलं माणूस नको का? प्रज्ञाने तीनदा समजावलं की तिकडे तसं चालत नाही, भेटायची वेळ संपली की सगळ्यांना बाहेर काढतात.

"मग राच्च्याला पानी कोन देतं त्याला?" भामाबाईंनी विचारलं.

नर्स असतात, असं प्रज्ञा म्हणाली आणि उगाच नकाशा इकडून तिकडे सरकवत राहिली. मग भामाबाई म्हणाल्या, बरं, हॉटेल तर हॉटेल, पण चूल असलेलं बघ. पातळ पेज तरी करून नेता येईल.

पेज! सोमवारी तिकडच्या डॉक्टरचा फोन प्रज्ञालाच आला होता. डॉक्टर भला माणूस, सावकाश बोलत होता. नितीनचा मेंदू गेलेला आहे, श्वास चालू आहे तो मशीनवर. आईवडील येईपर्यंत आम्ही थांबतो, त्यांची भेट झाली की मशीन बंद करू. तिने हे कोंडीरामांना मागच्या हौदापाशी नेऊन सांगितलं होतं. ते हौदाच्या कडेला बसले आणि पहिलं वाक्य बोलले ते हे, की आईला तिथे पोचल्यावर सांगू. दोन विमानं बदलून जायचंय, तोवर तिचा जीव टिकला पाहिजे. भामाबाईंना एवढंच माहीत होतं की पोरगा बेशुद्ध आहे आणि शुद्धीवर यायला वेळ लागेल. निदान या दोघांचा तसा समज होता.

शेवटी ड्रमकोंड्रा नावाच्या भागात एक बरी जागा सापडली. जुनं विटांचं घर, खोलीतच शेगडी, विमानतळाची बस दारातच थांबते आणि दवाखाना पायी वीस मिनिटांवर. कोंडीरामांनी रस्त्याचे फोटो बघितले, बसथांबा बघितला. "हां, हे जमतंय," म्हणाले. क्षणभर त्यांना खरंच बरं वाटलं, आणि लगेच स्वतःची शरम वाटली. कशाची जुळवाजुळव करून आपण खूश होतोय?

प्रज्ञाने शुक्रवार टाकला. पुढचा रकाना खोली सोडायच्या तारखेचा होता. तो भरल्याशिवाय पान पुढे जाईना. तिने वडिलांकडे बघितलं.

प्रत्येक गाडीची परतीची वेळ तोंडपाठ असणारा तो माणूस, पण इथे त्यांना तारीख ठरवता येईना. महिनाभराचं टाक, म्हणाले. मग म्हणाले, पंधरा दिवस. मग म्हणाले, तिथे गेल्यावर बघू. आपण जो वार सांगू त्याच्या आत मशीन बंद होणार, हे त्यांना कळत होतं. बापाने तो वार आपल्या तोंडाने कसा सांगायचा?

"मंगळवार टाक," भामाबाई म्हणाल्या.

दोघांनीही वळून बघितलं. त्या चादरीची घडी घालत होत्या.

"आई, अगं चारच दिवस कसे पुरतील? त्याला शुद्ध यायला..."

"पोरी, दवाखानेवाले घरच्यांना बोलवून घ्या म्हन्तात, ते कशापायी, मला काय ठाव न्हाई व्हय? माज्या आईच्या टायमाला असंच बोलावलं हुतं. आमी पोचलो आन् दुपारीच नळ्या काढल्या." त्यांनी घडी मांडीवर ठेवली. "ह्यांच्या जिवाला घोर लागंल म्हून गप हुते मी."

कोंडीरामांनी भिंतीकडे तोंड केलं. खांदे हलत होते. तोंड न वळवताच ते अजिजीने म्हणाले, "आठ दिस तरी टाकू दे की."

भामाबाई उठून त्यांच्याशेजारी येऊन बसल्या.

"आठ दिस आपल्याला पायजेत," त्या म्हणाल्या. "त्याला न्हाई."

प्रज्ञाने पडद्यावरचा बाण मंगळवारवर नेऊन ठेवला, पण तिच्याने बटण काही दाबवेना. कोंडीरामांनी टोपीने डोळे पुसले, चष्मा चढवला, तारखांच्या ओळीतला मंगळवार नीट शोधला आणि स्वतःच्या बोटाने बटण दाबलं.