वायरीच्या नावाने

आईवरच्या फिल्मचं घोडं वायरीपाशी अडलं होतं. निदान धाकटा तरी सगळ्यांना तसंच सांगत होता.

आईने गावातल्या अर्ध्या लोकांना गाडी शिकवली आणि उरलेल्या अर्ध्यांना रस्त्यात शिव्या घातल्या. तिच्या शेवटच्या वर्षी धाकट्याने मागच्या सीटवर बसून हे सगळं चित्रित केलं होतं. ते चित्रण आता ताईच्या ऑफिसातल्या स्टोरेजच्या डब्यात पडून होतं. आई गेल्यावर तिचं ड्रायव्हिंग स्कूल ताईच चालवायची. रविवारी आईचे विद्यार्थी फिल्म बघायला जमणार होते आणि फिल्मचा पत्ता नव्हता.

"फाइली अवाढव्य आहेत गं," धाकटा म्हणाला. "लॅपटॉपवर यायलाच आठवडा जाईल. डबा लॅपटॉपला जोडणाऱ्या या जुन्या अडॅप्टरला वेगच नाही."

"नाचता येईना अंगण वाकडं," ताई म्हणाली. "हे बघ, आज काम सुरू झालं नाही, तर मी तुझ्या भावजींच्या मित्राला सांगते. तो फोटो सरकवतो आणि खाली बासरी लावतो."

"आईला बासरी?" धाकटा किंचाळला. बासरी ऐकून आईने त्या मित्राला भर चौकात उतरवला असता.

ताईने वेगवान अडॅप्टर आणि नवी वायर टेबलावर आदळली. आता आली का पंचाईत. धाकट्याने निमूटपणे वायर जोडली आणि अडॅप्टर टेबलाखालच्या जुनाट हबमध्ये खोचला, जिथे माऊस आणि छोटा पंखाही लटकत होते. त्या हबमधून काय वेग मिळणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कॉपीची पट्टी रखडत सरकू लागली.

"बघ," तो पडेल चेहऱ्याने म्हणाला. चेहरा पाडण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

ताईने वायरीवरून बोट फिरवत टेबलाखाली डोकं घातलं. "हे मधे काय लोंबतंय?" तिने अडॅप्टर उपटला आणि थेट लॅपटॉपला लावला. कॉपी पुन्हा सुरू झाली आणि पट्टी सुसाट सुटली. बघता बघता चित्रणाचा पहिला दिवस लॅपटॉपवर हजर. लबाडी उघडी पडली होती, पण ताई ओरडली नाही. त्यामुळे धाकटा जास्तच हबकला.

"आईचा आवाज ऐकवणार नाही मला," तो शेवटी म्हणाला.

"मला तरी कुठे ऐकवतोय?" ताईने खुर्ची ओढली. "एकटीने ऐकायची हिंमत नाही, म्हणून तर तुझ्या मानगुटीवर बसले."

त्याने पहिली फाइल उघडली. पडद्यावर आई एका थरथरत्या शिकाऊ बाईला म्हणत होती, "क्लच आहे तो, झुरळ नव्हे. सावकाश सोड." मग ती मागे वळली आणि सरळ कॅमेऱ्यात बघत म्हणाली, "आणि तू रे शहाण्या, नुसता बघत काय बसलायस? पट्टा लाव."

धाकट्याचा हात आपसूक खांद्याकडे गेला.