संत्र्याच्या सालींचं बाइंडिंग

घरी केलेल्या वस्तूत प्रेम उतरतं असं ज्याने कुणी पहिल्यांदा म्हटलं, त्याला मी एकदा आमच्या स्वयंपाकघरात आणून उभं करणार आहे. चार दिवस मी संत्र्याच्या साली उकळत होतो. प्रेमाचा कुठे पत्ता नाही. ओट्याला चिकटा, हाताला कडवट वास, आणि बायको येता-जाता पातेल्यात डोकावून नुसतं "हं" म्हणणार.

मी बाइंडर. म्हणजे होतो. अठ्ठावीस वर्षं एकाच कारखान्यात पुस्तकं बांधली आणि चार महिन्यांपूर्वी मालकाने शटर खाली ओढलं. हे मला आणि बायकोलाच माहीत. ताईला सांगितलं नव्हतं. दर रविवारी आमचा फोन होतो, ती विचारते, "कारखाना काय म्हणतोय?" आणि मी "एकदम छान" म्हणून विषय बदलतो.

पण वर्षअखेरच्या सुट्ट्यांत आम्ही भावंडं ताईकडे जमतो, आणि प्रत्येक घरासाठी चॉकलेटचा मोठ्यातला मोठा डबा नेणारा मीच. सगळ्यांत धाकटा असून मीच. यंदा रिकाम्या हाताने गेलो असतो तर सगळ्यांना एका क्षणात कळलं असतं, आणि मग त्यांनी माझ्याशी हळू आवाजात, जपून बोलायला सुरुवात केली असती. मला ते अजिबात नको होतं. म्हणून फोनवर मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं, "यंदा विकतचं काही नाही. स्वतःच्या हाताने करून आणणार." ताई म्हणाली, "बरं."

साली फुकट मिळतात म्हणून साली. कोपऱ्यावरच्या ज्यूसवाल्याने पिशवी भरून दिली आणि विचारलं, "शेळी पाळलीत का?" मी हो म्हटलं. नातेवाइकांना खायला द्यायच्यात हे कुठल्या तोंडाने सांगणार?

साली उकळायच्या, पाणी फेकायचं, असं तीनदा करायचं, मग साखरेच्या पाकात शिजवायच्या. पहिल्या खेपेला मी दोनदाच उकळल्या. बायकोने एक तुकडा तोंडात घातला आणि सरळ बेसिनकडे धावली. दुसऱ्या खेपेला पाक करपला, पातेलं अजून भिजत पडलंय. तिसरी खेप मात्र जमली. स्टीलची पट्टी आणि कटर घेऊन एकेक साल कापली होती, सगळ्या एका मापाच्या.

"अहो, खाऊ करताय की वह्या?" बायको म्हणाली आणि ड्युटीला निघून गेली.

साली काचेसारख्या दिसत होत्या. आता फक्त वाळवायच्या. आणि वाळवणं मला कुणी शिकवायचं? ओली वस्तू दाबाखाली ठेवली नाही तर ती वाकते, हे माझ्या हाडांत मुरलेलं. टेबलावर पांढरा कागद घातला, त्यावर साली ओळीने मांडल्या, वर कागद, वर फळी, फळीवर घरातले सगळे शब्दकोश आणि सगळ्यांत वर शिलाई मशीन. अनेक महिन्यांनी हातून काहीतरी नीट झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळी उचलली. कागद, साल, कागद, सगळं एकजीव. इतकं पक्कं बाइंडिंग माझ्या हातून अठ्ठावीस वर्षांत झालं नव्हतं. ज्यूसवाला सुट्टीवर गेलेला, आणि ताईकडे जायचं उद्या. मी फळी जमिनीवर आपटली. बायकोने ती उचलून भिंतीला टेकवून ठेवली. तिच्या त्या शांतपणाचा मला जास्त राग आला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात ताई.

"उद्या आम्हीच येणार होतो ना?" मी म्हटलं.

"म्हणून आज आले." ती आत येऊन टेबलाशी बसली. "हे काय आहे?"

"तुमची भेट."

"कागदासकट खायची?"

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. "थट्टा करायला तुझं काय जातं? चार दिवस राबतोय इथे! विकतचं आणलं असतं तर..."

"छोट्या," ताई म्हणाली. पन्नाशी आली तरी मी छोट्याच. "कारखाना कधी बंद झाला?"

मी बायकोकडे बघितलं. "मी नाही हं सांगितलं," ती घाईघाईने म्हणाली.

"तिने नाही, तूच सांगितलंस," ताई म्हणाली. "इतकी वर्षं दर रविवारी तू अर्धा तास मालकाला शिव्या घालायचास. माझा चहा गार व्हायचा. आणि गेले चार महिने काय, तर एकदम छान! परवा तर म्हणालास, मालक तसा बरा माणूस आहे. माझा जीवच घाबरा झाला."

"मग विचारलं का नाहीस?"

"सांगशील म्हणून वाट बघितली. उद्या सगळ्यांसमोर माझ्या तोंडून निघालं असतं."

म्हणजे चार महिने मी लपवत होतो आणि तिला माहीत होतं. एवढा पाक, एवढ्या साली, सगळं फुकट. मला आणखी राग यायला हवा होता, पण मी उगाच खिडकीकडे तोंड केलं.

ताईने नखाने कागदाचा कोपरा उचकटून बघितला. "ओलं फडकं आण. कागद भिजवला की सुटतो ना रे? बाइंडर तू आहेस का मी?"

मी फडकं आणलं. तिघं टेबलाभोवती बसलो. कागद खरंच सुटायला लागला.

"हं, आता बोल," ताई म्हणाली. "चार महिन्यांचं साचलंय."

"त्या नालायक माणसाने," मी सुरुवात केली, आणि ताईने पहिली सुटलेली साल तोंडात टाकली.