कडीबाबांचे दोन वेढे

नदीकाठच्या मैदानात कडीबाबांचा तंबू उभा राहिला होता आणि तंबूपुढे काठ्यांची रांग लागली होती. माणसे काठ्यांच्या मागे होती. गळ टाकायच्या लांब, निमुळत्या काठ्या कुणी छातीशी धरल्या होत्या, कुणी खांद्यावर. वकीलसाहेबांची काठी त्यांच्या कारकुनाच्या खांद्यावर होती.

"दोष निघतो म्हणजे निघतोच," वकीलसाहेब पाववाल्याला सांगत होते. "आधी दोरी पायाशी पडली. कडीबाबांनी हात फिरवला, मंत्र म्हटला, आणि दोरी थेट नदीच्या मध्यावर!"

"मग साहेब, तुम्ही पुन्हा रांगेत कसे?"

"दोष परत आला."

मागे शास्त्राच्या बाई उभ्या होत्या. शाळेतली नोकरी संपून वर्षे लोटली तरी गाव त्यांना बाईच म्हणे. शेजारी त्यांचा धाकटा भाऊ, एका हातात स्वतःची काठी आणि दुसऱ्या हातात कारखान्याची किल्ली घेऊन, सुतकी चेहऱ्याने उभा होता.

गावातल्या बहुतेक काठ्या या भावाने केलेल्या. बांबूच्या पट्ट्या जोडून तो काठी घडवी आणि तिच्यावर रेशमी धाग्याने तारेच्या कड्या बांधी. या कड्यांतून दोरी जाते. माशाला भुलवायची पिसांची खोटी माशी इतकी हलकी की ती फेकताच येत नाही. फेकायची ती दोरी, माशी तिच्या टोकाला लटकून जाते. म्हणजे कडी कुठे आणि केवढी, यातच काठीची सगळी अब्रू.

कडीबाबांनी नेमका तिथेच हात घातला होता. काठीला मर्मस्थाने असतात आणि भलत्या जागी कडी म्हणजे तिच्या नसेवर पाय, असे त्यांचे म्हणणे. आठवडाभरात भावाच्या एकेका काठीत दोष निघाला. शेवटी तो स्वतः बाबांच्या मंचावर चढला, आणि त्याच्याही हातून दोरी पायाशी पडली. त्या दिवसापासून त्याने हत्याराला हात लावला नव्हता. आज तो कारखाना बाबांच्या शुद्धिकेंद्राला देऊन टाकणार होता.

"तुझ्या हाताला दोष आहे म्हणे," बाई म्हणाल्या.

"ताई, थट्टा नको. माझीच काठी, माझाच हात. दोरी पुढे सरकेना. मंत्र झाला आणि तीच काठी वाऱ्यासारखी चालली. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"दोरी कोणी ओवली होती?"

"शिष्याने. तेच ओवतात. मालकाचा हात लागला की दोष चिकटतो."

"अस्सं!" बाईंनी चष्मा पुसला.

एवढ्यात पाववाल्याचा नंबर लागला. शिष्याने गर्दीकडे पाठ करून त्याच्या काठीत दोरी ओवली. पाववाल्याने जीव खाऊन काठी झटकली. दोरी दमल्यासारखी समोर गळून पडली. गर्दी हळहळली.

कडीबाबांनी काठीवरून पितळी लोलक फिरवला, डोळे मिटले, मान डोलावली.

"रडते आहे बिचारी."

"कशानं, बाबा?"

"या मुठीजवळच्या मोठ्या कडीनं. मोठी कडी म्हणजे अहंकार! आणि शेंड्याकडे पाहा, कड्या कशा दाटीवाटीनं कोंबल्यात. गुदमरतोय जीव! सृष्टीत सगळे समान, मग काठीवर भेदभाव का? समान कडी, समान अंतर! माझे शिष्य बांधून देतील. तूर्त मंत्रानं आराम पडेल."

मंत्र झाला. शिष्याने शुद्धीसाठी दोरी काढली, धुपावर धरली आणि पुन्हा ओवली. पाववाल्याने झटकताच ती सळसळत नदीवर गेली. गर्दीने जयजयकार केला. सगळ्यांच्या नजरा बाबांच्या चेहऱ्यावर होत्या.

बाईंची नजर मघापासून दोरीवर होती. शिष्य ती काढत असताना दोरी कड्यांतून सरळ सुटायला हवी होती. पण मध्यावर तिने काठीभोवती दोनदा गिरकी घेतली. बाईंना हसू आले. गळ टाकायला शिकताना त्यांच्या हातून हमखास होणारी ही चूक. ओवताना दोरी नकळत काठीला गुंडाळली जायची आणि भाऊ ओरडायचा, "ताई, काठीवर वेल चढवलास गं पुन्हा!"

त्यांनी भावाच्या हातातली काठी घेतली आणि त्या मंचावर चढल्या.

"बाबा, या काठीत दोष आहे का?"

लोलक गरगरला. "घोर दोष! सगळ्या दोषांची ही आई!"

"मंत्राशिवाय चालणार नाही?"

"कदापि नाही, माते."

"बाई म्हणा. दोरी मात्र मी ओवते."

शिष्य पुढे धावला. "मालकाचा हात—"

"मी कुठे मालक? मला धड गळही टाकता येत नाही."

"ओवू द्या, ओवू द्या!" खालून वकीलसाहेब गरजले. "बाबांची शक्ती आणखी पक्की सिद्ध होईल!"

भक्तानेच परवानगी दिल्यावर बाबा काय बोलणार? बाईंनी लोकांकडे तोंड करून, एकेक कडी दाखवत दोरी ओवली. भावाने वर येऊन काठी झटकली. दोरी नदीच्या मध्यापलीकडे जाऊन अलगद टेकली.

"मंत्र राहिला की!" पाववाला ओरडला.

"माझी कृपा आधीच पोचली होती," बाबा म्हणाले.

"छान. मग ती राहू द्या, वर मंत्रही म्हणा. मोठ्यानं म्हणा." बाईंनी दोरी काढली, पुन्हा ओवली, आणि मधल्या दोन कड्यांच्या दरम्यान सगळ्यांदेखत काठीला दोन वेढे दिले.

बाबांनी मंत्र म्हटला. पण आवाजात मघाचा दम नव्हता. भावाने काठी झटकली. दोरी पायाशी पडली.

"हा तो घोर दोष," बाईंनी वेढे उचलून दाखवले. "दोरी काठीला घासते, अडकते. ओवताना घालायचे, शुद्धीच्या नावानं काढायचे. बाकी सगळा धूर."

गर्दीत कुजबूज सुरू झाली. शिष्य तंबूची मागची बाजू तपासायला गेला तो परत आला नाही. बाबांना एकाएकी ध्यानाची वेळ आठवली.

"पण माझ्या काठीवर त्यांनी नव्या कड्या बांधल्यात," वकीलसाहेब रडवेले झाले. "मासा लागेना म्हणून गेलो तर म्हणाले, श्रद्धा कमी पडते."

भावाने किल्ली खिशात टाकली आणि त्यांची काठी मागून घेतली. कड्या एकसारख्या, अंतर एकसारखे. शेंडा मोठ्या कड्यांच्या भाराने लुळा पडलेला. त्याने कड्यांतून लाल दोरा ओवून त्याचे मागचे टोक मुठीशी बांधले, मूठ तंबूच्या खांबाला बांधली आणि दोऱ्याच्या शेंड्याकडच्या टोकाला दगड लटकवला. काठी वाकली.

"शेंडा सगळ्यात जास्त वाकतो," तो म्हणाला, आणि आठवड्यानंतर पहिल्यांदा त्याचा आवाज मोकळा झाला. "म्हणून तिथे कड्या जवळजवळ लागतात, मुठीकडे येताना लांब लांब. दोऱ्यानं काठीचा बाक धरून चालायला हवं. आणि मुठीजवळची कडी मोठी, कारण हातातून दोरी हेलकावे खात येते. पुढे कडी लहान लहान करत न्यायची, म्हणजे दोरी शांत होते आणि शेंडा हलका राहतो. यात अहंकार कुठून आला?"

"हे सगळं ठाऊक असून तू किल्ली द्यायला निघाला होतास?" बाईंनी विचारले.

"सगळे बाबांकडे बघत होते, ताई. मीही तेच केलं."

"तेच नका करू," बाई गर्दीकडे वळल्या. "चमत्कार दिसला की बघा, आधी काय होतं, मध्ये कोणी हात लावला, नंतर काय बदललं. आणि हात लावायची बंदी असेल, तर आधी तीच वस्तू हातात घ्या."

"म्हणजे आता तुमचं ऐकायचं?" पाववाला म्हणाला. "की याचं?"

"माझंही ऐकू नकोस," भाऊ म्हणाला. "मी जाणकार, आणि आठवडाभर घरात रडत बसलो होतो. तूच बघ."

पाववाल्याने गुडघे टेकले. वाकलेल्या काठीशी डोळा नेऊन तो मुठीपासून दोऱ्यावर नजर सरकवत गेला. शेंड्याकडे एका ठिकाणी दोरा बाक सोडून सरळ आडवा निघाला होता. तिथे त्याने पिठाळ बोट ठेवले.

"इथं," तो म्हणाला. "इथं एक कडी पाहिजे."

"किती मोठी?"

पाववाल्याने शेंडा बोटाने चाचपला. "लहान. शेंडा आहे ना."

भावाने खिशातून रेशमी धाग्याचे रीळ काढून त्याच्या हातात दिले.