नटीची उत्तरं

परळच्या आमच्या लॅबपासून डिलाईल रोडवरच्या खोलीपर्यंत चालत सत्तावीस मिनिटं लागतात. मार्चपासून ती सत्तावीस मिनिटं मी एका नटीबरोबर घालवत होते. ती कानात बोलायची आणि मी नुसते ओठ हलवायचे.

लॅबमध्ये नव्या मुलांना शिकवण्याची जागा तिसऱ्यांदा निघाली होती. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा आणि त्याचे चार मायक्रॉन जाडीचे काप काढायचे, हे काम मी सतरा वर्षं करते आहे. तरी आधीच्या दोन्ही मुलाखतींनंतर माझ्या नावापुढे एकच शब्द लिहिला गेला होता: कम्युनिकेशन. मुलाखत इंग्रजीतून असते. पुढच्या वर्षी लॅब शहराबाहेर हलणार होती. "यानंतर ही पोस्ट नाही निघणार हां, मॅडम," असं एचआरच्या हितेंद्रनं मला आधीच बजावलं होतं.

वाचायला इंग्रजी मला येतं. कॉलेजात सगळी पुस्तकं त्यातच होती. बोलायची वेळ आली की वाक्य डोक्यात पूर्ण तयार असतं, आणि मी ते तपासत बसते. तपासून होईपर्यंत समोरचा पुढे गेलेला असतो.

"तू स्लाइड नाही बघत आहेस, अनुजा, बोलते आहेस," माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारी नम्रता म्हणाली आणि तिनं मला ते चॅनेल दाखवलं. त्यात मोठमोठ्या नटनट्यांच्या गप्पा असतात. मध्येच चित्र थांबतं, एक वाक्प्रचार ठळक अक्षरांत येतो, आणि एक प्रेमळ आवाज सांगतो, आता तुम्ही म्हणा. मी म्हणायचे. मराठीत भीतीनं पोटात गोळा येतो. त्या नटीच्या पोटात फुलपाखरं उडायची, आणि आनंद झाला की ती थेट चंद्राच्या वर जायची.

मग मी माझी एक पद्धत काढली. व्हिडिओत मुलाखत घेणाऱ्यानं नटीला प्रश्न विचारला की बटण दाबून तिला थांबवायचं आणि तिचं उत्तर आपण द्यायचं.

वाटेतल्या पुलावर पोचेपर्यंत ऊन उतरलेलं असायचं. आकाशाला आम्ही स्लाइडवर चढवतो तसला जांभळा रंग यायचा, खाली गुलाबी. कानात शांतता असायची, नटीच्या उत्तराएवढी. त्या शांततेत मी शिरायचे. माझं बालपण कसं होतं? समुद्राकाठी होतं. मोठं घर, मागे आंब्याची झाडं, एक पांढरा घोडा. मला पियानो यायचा. शाळेत मी एकटी असायचे, पण त्या एकटेपणानंच मला घडवलं. इंग्रजी झऱ्यासारखं वाहायचं. काही तपासावं लागत नव्हतं. डिलाईल रोडच्या वळणावर भाजीवाली कमलाबाई हाक मारायची, "ओ बाई, मेथी नको काय?" तेव्हा मला क्षणभर कळायचं नाही, ती कोणाशी बोलते आहे.

मराठीत मी एवढं खोटं बोलू शकले नसते.

मुलाखतीला नऊ दिवस होते तेव्हा नम्रतानं जेवणाच्या सुट्टीत माझी परीक्षा घेतली. डबा बाजूला सारला, चष्मा नाकावर ओढला आणि इंग्रजीत विचारलं, "तुमच्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक कोणती?"

मी हसले. मान किंचित कलती केली. "ऑनेस्टली, आय डोंट बिलीव्ह इन मिस्टेक्स. एव्हरी सेटबॅक वॉज अ ब्लेसिंग इन डिसगाइज."

नम्रतानं टाळ्या वाजवल्या. "काय बोललीस! आता पाणी पी आणि ऐक. तू लॅबमध्ये काम करतेस. तिथे 'माझा चुकांवर विश्वास नाही' म्हणालीस ना, तर प्रमोशन राहू दे, आहे ती नोकरी जाईल."

"मग काय सांगू?"

"कुठला सेटबॅक, ते सांग."

माझं इंग्रजी त्या समुद्राकाठच्या घरात राहत होतं. परळच्या लॅबमध्ये ते कधी आलंच नव्हतं.

चूक मात्र होती. मेणाचे काप सुटतात ते फितीसारखे, एकाला एक जोडलेले. ती फीत कोमट पाण्यावर सोडतात. ती पसरते, सुरकुत्या जातात, मग खालून काच घालून ती अलगद उचलायची. एका रुग्णाचं काम झालं की पाण्याचा पृष्ठभाग कागदानं पुसून घ्यायचा. आठ वर्षांपूर्वी एका दुपारी मी पुसला नाही. आधीच्या माणसाचा तिळाएवढा तुकडा पाण्यावर तरंगत राहिला आणि पुढच्या बाईच्या काचेवर जाऊन चिकटला. डॉक्टरांना तिच्या स्लाइडवर नको त्या पेशी दिसल्या. दोन दिवस त्या बाईला कॅन्सर होता. मग मी नोंदी पाहिल्या, दोन्ही ठोकळे पुन्हा कापले आणि आमच्या लॅबप्रमुख सरांना जाऊन सांगितलं. ते दोन दिवस ती बाहेरच्या बाकावर बसून होती. तिच्या मांडीवर डबा होता, तो तिनं उघडला नाही.

हे मी घरी कधी बोलले नव्हते.

त्या संध्याकाळी पुलावर मी नटीला थांबवलं आणि खरं उत्तर द्यायला लागले. वाक्यं लहान झाली. तुटायची. मी पाणी पुसलं नाही. ती बाई थांबली होती. यात चंद्र नव्हता, फुलपाखरं नव्हती. ओळखीच्या रस्त्यानं झोपेत चालावं तशी मी तेच ते म्हणत घरी आले, आणि भाकऱ्या थापतानाही म्हणत राहिले.

माझ्या सासूबाई, सुभद्राबाई, मूळच्या मालवणकडच्या. इंग्रजीचा त्यांना गंध नाही. लसूण सोलता सोलता त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काल हसत होतंस बोलताना. आज हसणंस नाय?"

"आज वेगळं आहे, आई."

"होय. ह्यां खरां वाटता." त्यांनी आणखी एक पाकळी सोलली. "पण कायतरी वायट झालेलां दिसता."

मी त्यांना मराठीत सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "ती बाय बरी असा मां आता?" बरी आहे, म्हटलं. अहवाल स्वच्छ आला होता.

मुलाखतीला आमचे सर होते, हितेंद्र होता, आणि चेन्नईहून आलेल्या एक डॉक्टर. प्रश्न त्याच विचारत होत्या. त्यांनी चूक विचारली नाही. त्यांनी विचारलं, "नव्या मुलाला तुम्ही सगळ्यात आधी काय शिकवाल?"

"पाणी पुसायला," मी इंग्रजीत म्हणाले. आणि का, ते सांगितलं. मध्ये दोनदा अडले. अडले तेव्हा हसले नाही, थांबले. हितेंद्रनं घड्याळ पाहिलं. डॉक्टरांनी पाहिलं नाही.

"शो मी," त्या म्हणाल्या.

आम्ही सगळे आत लॅबमध्ये गेलो. मी कापायच्या यंत्राला ठोकळा लावला आणि फीत सुटायला लागली, पातळ, पांढरट, जवळजवळ नसल्यासारखी. ती मी पाण्यावर सोडली. हात चालू होते आणि मी बोलत होते, काय करते आहे ते, ते करत असतानाच. वाक्य तपासायला वेळच नव्हता. डॉक्टर पाण्यावर इतक्या वाकल्या की त्यांच्या श्वासानं फीत हलली.

"ब्रीद स्लोली, मॅडम," मी म्हणाले.

सर दचकले. डॉक्टरांनी खरंच श्वास धरला. मी काच तिरकी घालून काप उचलला, कागद घेतला आणि पाण्यावरून या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवला. मग तो कागद उजेडात धरून त्यांना दाखवला. त्यावर एक अगदी बारीक ठिपका होता.

त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग सरांकडे वळून म्हणाल्या, "सोमवारपासून मुलं हिच्याकडे पाठवा."

मी नवा कागद घेतला आणि पाणी पुन्हा एकदा पुसलं.