मोकळं कर्ज

'मोकळं' हा शब्द कोणी काढला की माझं डोकं फिरतं. ऑफिसात कोणी सहज विचारलं, "संघमित्रा मॅडम, मोकळ्या आहात का," तरी मी अशी बघते की समोरचा फाइल ठेवून निघून जातो. शब्दाची चूक नाही, कळतं मला. पण आमच्या घरात जे झालं ते त्या शब्दापासून सुरू झालं, आणि शब्दावर राग काढला की निदान माणसांवर काढावा लागत नाही.

तेव्हा आम्ही सानपाड्याला राहत होतो. सिडकोची जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, वन बीएचके. मी, माझा नवरा अंकुश आणि माझे सासरे रावसाहेब. मी त्यांना मामा म्हणते, आमच्या परभणीकडे सासऱ्याला मामाच म्हणतात. सासूबाई घर व्हायच्या आधीच गेल्या. मामांनी सगळी नोकरी पालिकेच्या पाणीखात्यात केली, चावीवाला म्हणून. पहाटे उठून सेक्टरा-सेक्टरातल्या पाइपलाइनचे व्हॉल्व्ह उघडायचे आणि वेळ झाली की बंद करायचे. एवढ्या लोकांना पाणी सोडलं, पण स्वतः तुर्भ्याला भाड्याच्या खोलीत राहिले. त्यामुळे आपलं घर म्हटलं की ते हळवे व्हायचे.

घर घेताना बँकेतर्फे स्वानंद नावाचा मुलगा यायचा. कर्ज अंकुशच्या आणि माझ्या नावावर होतं. गोड बोलायचा, पण खोटं बोलला नाही, एवढं मी त्याच्या बाजूने सांगते. तो म्हणाला, साधं कर्ज आता कोण घेतंय, फ्लेक्सी घ्या. आणि खरंच लोक तेच घेत होते. आमच्या विंगमध्ये एकाचं बघून दुसऱ्याने, असं करत अर्ध्या घरांनी जुनी कर्जं मोडून हे घेतलेलं. तिसऱ्या मजल्यावरच्या क्षिप्राने त्याच कर्जातून मुलीच्या इंजिनीअरिंगची फी भरली, आणि जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटली की बाई गं, घराचं घर आणि पाकिटाचं पाकीट.

मामांना रिटायर झाल्यावर मिळालेले पैसे तेव्हा नुसते पडून होते. स्वानंदने त्यांना समोर बसवून समजावलं.

"काका, साध्या कर्जात पैसे भरले की गेले. इथे तसं नाही. तुमचे पैसे ह्या खात्यात ठेवा. जेवढे ठेवाल तेवढ्यावरचं व्याज बंद. आणि लागले तर कधीही काढा. कोणी विचारणार नाही. मराठीत सांगायचं तर मोकळं कर्ज."

मामांनी सगळे पैसे टाकले. तसे ते पूर्ण कर्जाला पुरण्याइतके होते. पुढच्या खेपेला स्वानंदने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "बघा काका, ह्या महिन्याचं व्याज शून्य."

"म्हंजी मोकळं?" मामांनी विचारलं.

"एकदम मोकळं, काका."

त्याच्या लेखी मोकळं म्हणजे कधीही टाका, कधीही काढा. आमच्या गावाकडे गहाण पडलेली वस्तू सुटली की ती मोकळी झाली म्हणतात. शब्द एक, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. मामांनी त्या दिवशी पेढे आणले आणि बुद्धांच्या फोटोपुढे बसून वंदना घेतली. आम्ही हसलो. म्हातारा माणूस खुशीत आहे, कशाला शब्दाचा कीस पाडायचा, असं वाटलं.

त्या चौदा एप्रिलला मामा गावी गेले. आमच्या गावातल्या विहाराला लागून मामांची एक जागा होती, वडिलांकडून आलेली. विहाराच्या ट्रस्टला तिथे मुलांसाठी अभ्यासिका बांधायची होती, पण जागा विकत घ्यायला पैसे नव्हते. मामा भरल्या सभेत उठले आणि म्हणाले, "माझं नव्या मुंबईतलं घर मोकळं झालंय. मला आता हितल्या जागेची काय गरज. ती मी पोरांना दिली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बक्षीसपत्राची तारीख ठरायला मात्र पुढच्या वर्षीचा हिवाळा उजाडला, कारण कागद म्हटले की तुम्हाला माहीतच आहे.

आणि त्या हिवाळ्यातच मला ऑफिसात बँकेचा फोन आला. मॅडम, तुम्ही सहकर्जदार आहात, ह्या महिन्याचा हप्ता आलेला नाही. मी म्हटलं, काहीतरी चुकतंय, आमच्या खात्यात पूर्ण पैसे आहेत. पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, तिथे काहीच नाही."

संध्याकाळी मी अंकुशला सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाठलं, घरात मामा होते म्हणून. त्याने लपवाछपवी केली नाही. तो कामाला होता ती महाप्याची कंपनी गुंडाळली होती, त्याला वर्ष उलटून गेलं होतं. आधी हप्ता त्या खात्यातून आपोआप जात राहिला. मग तो घरखर्चाला काढायला लागला. मग एका दोस्ताबरोबर टेम्पोच्या धंद्यात घातले, तो धंदा बसला. दर वेळी वाटायचं, नोकरी लागली की परत टाकू.

"कोणी अडवलंच नाही गं," तो म्हणाला. "बटण दाबलं की पैसे यायचे. एकदा जरी कोणी विचारलं असतं ना, कशाला पाहिजेत, तरी मी घाबरून थांबलो असतो."

"मी होते की विचारायला. मला कुठे सांगितलंस?"

मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी त्याचे उतरलेले गाल बघून हात उचलवेना. रोज सकाळी तो डबा घेऊन निघायचा. आधी सीवूड्सच्या मॉलमध्ये जाऊन बसायचा. तिथला सिक्युरिटीवाला ओळख दाखवायला लागला तेव्हा लाजून उरणला जायला लागला. मोऱ्याच्या जेट्टीवर बसायचा, बोटी बघत, आणि तिथेच डबा खायचा.

"आबांना सांगू नको," तो म्हणाला. आपल्या वडिलांना तो आबा म्हणतो. "बक्षीसपत्र होऊ दे, मग सांगू. त्यांनी गावात शब्द दिलाय. आता मोडला तर मरतील ते."

"आणि घर गेल्यावर त्यांनी कुठे जायचं? ती जागा तरी राहू दे हाताशी."

"मी काहीतरी करतो."

काहीतरी करतो, काहीतरी करतो. मी हे वाक्य आयुष्यात ज्याच्या ज्याच्या तोंडून ऐकलं त्याने काहीएक केलं नाही. पण मी लगेच सांगितलंही नाही. रोज सकाळी उठून त्याचा डबा भरत राहिले, मामांना संशय येऊ नये म्हणून. चपात्या लाटताना वाटायचं, हे मी काय करतेय. उपाशी तरी कसा पाठवू?

गावी मामांसोबत मीच गेले. अंकुशने त्यांना सांगितलं, सुट्टी मिळत नाही. मामा म्हणाले, "नको मागू, साहेबाचं मन मोडू नको." ते ऐकून मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

तालुक्याच्या रजिस्ट्रार ऑफिसबाहेर मामांचे धाकटे भाऊ सयाजी आणि विहारातल्या चांगुणाबाई आधीच येऊन थांबले होते. चांगुणाबाई महिला मंडळाच्या, पांढरी साडी नेसून आलेल्या. आमचा नंबर यायला वेळ होता. मी मामांना म्हटलं, चला, चहा घेऊ. टपरीमागे एक बाकडं होतं, तिथे बसवलं आणि सांगितलं. सही झाल्यावर सांगायचं मला जमलं नसतं. त्यांचं छप्पर जात होतं, आणि ते त्यांना माहीत नसताना होती ती जागाही देऊन टाकत होते. ह्याला काय म्हणायचं, इज्जत?

"मामा, घर मोकळं नाहीये."

"काय म्हणायलीस तू?"

मी सगळं सांगितलं. पैसे खात्यात होते, भरलेले नव्हते. काढता येत होते, म्हणून काढले गेले. आता खातं रिकामं आहे आणि हप्ते थकलेत. घर विकावं लागेल. सही करू नका, एवढी जागा राहू द्या तुमच्या नावावर.

मामांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. मला वाटलं आता पैशाचं विचारतील. त्यांनी विचारलं, "मग पोरगं रोज डबा घिऊन कुठं जायलं?"

"मोऱ्याला. जेट्टीवर बसतो."

"वर्षभर?"

"आधी मॉलमधे. मग तिकडे."

त्यांचे डोळे भरून आले. "मी रोज त्याला म्हणायलो, सावकाश जा," ते म्हणाले. "बोलला बी न्हाई. तसाच उंबरा वलांडून जायचा."

आतून सयाजीकाकांनी हाक मारली. नंबर आला होता. मामा उठले तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघून चांगुणाबाईंनी काय झालं विचारलं, आणि मामांनी तिथेच, रांगेतल्या लोकांसमोर सांगून टाकलं. "माझं घर मोकळं नव्हतं. सभेत बोललो ते खोटं निघालं."

सयाजीकाका खाली बघायला लागले. चांगुणाबाई जवळ आल्या. "दादा, जागा ऱ्हाऊ द्या मग. अभ्यासिका काय, आज ना उद्या हुईल. तुमी आधी लेकराला सावरा."

मला त्या बाईच्या पायाशी बसावंसं वाटलं. पण मामांनी मान हलवली आणि मला बाजूला घेतलं.

"संघमित्रा, ऐक. ही जागा मी ठिवली तर ती बी जाईल. अंकुश मागणार न्हाई, पण त्याचं तोंड बघून मीच काढून दीन. माझ्याच्यानं न्हाई म्हणवणार न्हाई. बिनचावीच्या टाकीत पाणी ऱ्हात नसतंय. जे काढता येतं ते निघतंच. म्हणून हे असं ठिवायचं की मला बी काढता येऊ ने."

"आणि तुम्ही कुठे राहणार?"

"तुमी ऱ्हाताल तिथं."

ते आत गेले. क्लार्कने रिवाजाप्रमाणे विचारलं, "काका, बक्षीसपत्र आहे, एकदा झालं की जागा परत मिळत नाही. समजलं ना?" मामा म्हणाले, "तेच पाहिजे." आणि अंगठा मशीनवर ठेवला, मग सही केली, सावकाश, पूर्ण नाव लिहून.

मला राग आला. खोटं कशाला सांगू, भयंकर राग आला. परतीच्या पूर्ण प्रवासात मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. त्यांनी केलं ते बरोबर की चूक, मला आजही सांगता येत नाही. पुढे ते घर आम्ही विकलं, बँकेचं देणं भागवलं आणि कोपरखैरण्याला भाड्याने गेलो. गावात अभ्यासिका उभी राहिलीय. तिथे बसणाऱ्या पोरांचे फोटो सयाजीकाका पाठवतात. मामा ते फोटो बोटांनी मोठे करून बघतात. मी एकदा तरी रागाने बोलेन असं वाटायचं, पण बोलवत नाही, ते का, ते सांगते.

आम्ही गावाहून पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. मामांनी मला बजावलं होतं, त्याला काही बोलू नको. मी सवयीने डबा भरला. मेथीची भाजी आणि चपात्या. अंकुशने दाढी केली, बूट घातले, बॅग खांद्याला लावली. मामा दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते.

"आबा, येतो," अंकुश म्हणाला.

रोज मामा म्हणायचे, सावकाश जा. त्या दिवशी म्हणाले नाहीत. त्यांनी हात पुढे करून अंकुशच्या हातातला डबा घेतला, खाली फरशीवर मांडी घालून बसले आणि डबा उघडला. सकाळचे साडेआठ वाजले होते. कोणी जेवायची ती वेळ नव्हती.

"बस," ते म्हणाले. "मोऱ्याला वारं लई असतंय. हितंच जेव."

अंकुशने माझ्याकडे बघितलं. मग बूट न काढताच तो फरशीवर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मामांनी चपातीचे दोन तुकडे केले आणि मोठा त्याच्या हातात दिला.