पाहुण्यांसाठी टाकलेला घास

हरसूलच्या डोंगराआडच्या तलावात मत्स्यसंस्थेचे पिंजरे तरंगत होते. प्लास्टिकच्या पिंपांवर टेकवलेल्या फळ्या, खाली जाळी, जाळीत चिलापी मासे. दोन हजार नऊच्या सुमाराला ही नवलाई होती आणि नवलाई बघायला पाहुणे येतच.

अध्यक्ष झुंबर कुणाला नाराज करत नसे. पाहुणा फळीवर आला की तो खाद्याच्या गोळ्या पाण्यावर फेकी. मासे उसळत, फोटो निघत.

सकाळी सरपंचांचे व्याही. एक मूठ.

दुपारी कॉलेजची सहल. पोरींनी हट्ट धरला, म्हणून चार.

संध्याकाळी पिंपळगावचे द्राक्षवाले. अख्खा डबा.

उरलेल्या गोळ्या भिजून तळाला जात. तिथे कुजत.

रोजचं खाद्य झुंबरची वहिनी नवसाबाई देई. मासे सुस्तावले की ती हात आखडता घेई. प्रशिक्षण दोघांनी शेजारी बसून घेतलेलं. त्यामुळे जादा खाद्यानं पाणी बिघडतं हे झुंबरला माहीत नव्हतं असं नाही. पाण्याला वास मारतो म्हणून तिनं हटकलं, तेव्हा तलावाला अत्तर लावू का, असं त्यानं तिलाच विचारलं.

मग तो दिवस. आभाळ भरलेलं, वारा पडलेला. जिल्ह्याचे साहेब यायचे होते. सगळे मासे वर येऊन तोंडं उघडत होते. झुंबर खूश. त्यानं पोतं आणायला सांगितलं. नवसाबाई पोत्यावर बसून होती.

"उठा वहिनी. साहेब आले. मासे बघा किती भुकेलेत."

"भुकेले नाय, भाऊजी. तळाच्या कुजीनं त्यांना श्वास पुरंना. आता खायला घालाल तर सांजपर्यंत एक उरायचा नाय."

"लोक काय म्हणतील?"

"तुमच्या लग्नात शूटिंगवाल्यासाठी अख्ख्या मांडवानं तुम्हाला लाडू भरवला. रात्री न्हाणीत ओकताना डोकं कुणी धरलं, तेबी सांगू का साहेबांना?"

काठावर कुणीतरी फिसकन हसलं. झुंबरनं चिडून डब्यातल्या चिमूटभर गोळ्या फेकल्या. त्या उघड्या तोंडांसमोरून तरंगत गेल्या. एकाही माशानं त्यांना तोंड लावलं नाही!

झुंबरनं डबा फळीवर ठेवला. मग साहेबांसाठी आणलेला हार बाजूला ठेवून साहेबांना सामोरा गेला.

"साहेब, आज खायला घालता यायचं नाय. मासे गुदमरलेत. चूक माझी हाय."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. फोटोग्राफरनं कॅमेरा बंद केला. गाडी धूळ उडवत गेली, चहा तसाच राहिला.

खाद्य बंद झालं. पिंजरे ओढून खोल, मोकळ्या पाण्यात नेले. झुंबर दोरीला सगळ्यात पुढे होता. काही मासे गेले, बरेच वाचले. तेव्हापासून पाहुणा आला की झुंबर त्याला काठावर बसवतो आणि मासे जेवायची वेळ सांगतो. थांबायचं तर थांबा.

नागरिकहो, दवाखान्यात आजाऱ्याच्या हाती केळं देऊन आपणही कॅमेऱ्याकडे बघतोच. त्याला ते खाता येईल का, हे आधी विचारावं. घास ज्याला द्यायचा, भूक त्याची बघावी, बघणाऱ्यांची नव्हे.