तेल फाटतं तिथे

ईश्वरदास बंगलोरला जाऊन शास्त्रज्ञ झाला, पण करतो काय, तर रक्तातल्या पेशींची चरबी काढून पाण्यावर पसरतो, हे कळल्यावर नवेगाव बांधचे लोक पोट धरून हसले होते. एवढं शिकून तेलपाणीच! पेशीभोवती चरबीचा दोन पदरी पडदा असतो, आणि एवढ्याशा तलम पडद्याच्या आत जीव तगून राहतो, हे त्याने तळ्याच्या पाळीवर बसून समजावलं, तेव्हा फक्त धाकटा भाऊ सुकराम हसला नव्हता.

सेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात तोच सुकराम मासे धरायला गेला आणि तळ्यात बुडाला. ईश्वरदास तार मिळताच आला. गळ टाकून टाकून मासेमार ढीवर थकले, प्रेत हाती लागेना. त्याशिवाय अग्नी कशाला द्यायचा? आई देवकाबाईने अन्नपाणी सोडलं होतं.

शेवटी टिकाराम ढीवराने जुना उपाय काढला. सख्ख्या माणसाने मोहाच्या बियांचं तेल पाण्यावर सोडायचं; खाली माणूस असेल तिथे तेल फाटतं.

"पाण्याले हात मात्र लावू नको, बाबू," डोंगा वल्हवत तो म्हणाला.

"काऊन?"

"मंग तो सोडत नाही."

ईश्वरदासला हसू आलं नाही. प्रयोगशाळेतही हाच नियम होता; बोटाची चरबी लागली की पाण्यावरचा पडदा बिघडतो. खालच्या देहाची चरबी वर आली तर तेल सरणारच. सगळं शास्त्रात बसत होतं.

भर दुपार होती, वारा पडलेला. तेल पसरलं, त्यावर रंग चढले. मग डोंग्याशेजारी ताटाएवढं काळं पाणी उघडं पडलं.

नियमबियम विसरून त्याने हात आत घातला. "सुकराम!"

तर्जनीभोवती काहीतरी हळूच आवळलं गेलं. शेवाळ असेल, तो मनाशी म्हणाला. बोट काढायला मात्र जोर लावावा लागला.

"इथं टाक गळ," तो म्हणाला.

सुकराम वर आला तो उजवा हात उंच धरूनच. मूठ वळलेली, आत बोटभर पोकळी. काठावर चार जणांनी जोर केला, मूठ हलेना. देवकाबाईने आधी मुठीकडे पाहिलं, मग थोरल्याच्या लाल झालेल्या बोटाकडे.

"दे त्याले बोट," ती म्हणाली. "भिऊन राहिला तो."

ईश्वरदासने बोट आत सरकवलं, आणि मूठ मिटली.

सरण रचून झालं, लोक ताटकळले. तो मात्र धाकट्याशेजारी बसून होता, मूठ आपणहून सुटायची वाट पाहत.